खाल्लेले गोल

ओझरच्या पॅकहाऊसमध्ये माझ्या टेबलावर
मणी मोजायची रिंग असते.
सोळा मिलिमीटरच्या भोकातून जो आरपार जातो
तो परदेशी जात नाही.
तो इथेच राहतो, सीबीएससमोरच्या हातगाडीवर,
चाळीस रुपये किलो.

सुलभा खोक्यांवर स्टिकर लावते.
आज नेदरलँड्स.
तिला मी सांगितलेलं नाही,
पण नेदरलँड्सची आणि माझी जुनी ओळख आहे:
सहा गोल. शेवटचा अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला,
डाव्या खांबाला घासून.
माझी दोन बोटं लागली होती त्याला.
लागली होती,
हे कुठल्या कागदावर येत नाही.

परवा डब्याच्या सुट्टीत सुपरवायझरच्या पोरानं
मोबाईलवर आमच्या संघाची कुंडली काढली.
सतरा वर्षांखालच्या मुली, परदेशी संघांविरुद्ध.
लग्नात माईकवर आहेर पुकारतात तशी पुकारली:
खेळले अकरा. जिंकले दोन. बरोबरी एक. हरले आठ.
केले सात.
खाल्ले एकोणतीस.
एकोणतीस! म्हणून खिदळला, घास अडकेपर्यंत.
मग कुणीतरी माझ्याकडे बोट केलं.
बिचारा दोन दिवस माझ्या चहाचे पैसे देत होता.

केलेले सात थोइबीला विचारा, त्यातले पाच तिचेच.
एकोणतीस माझ्याकडे आहेत.
एक बिरसीच्या गुडघ्याला लागून वळला,
त्या रात्री ती जेवली नाही.
मी म्हटलं, लिही माझ्या नावावर, माझ्याकडे जागा आहे.
एक माझ्या दोन पायांमधून.
तो टीव्हीवर तीनदा दाखवला म्हणे,
पण तोवर आमच्या पाड्यावरची लाईट गेली होती.
आईनं फक्त राष्ट्रगीत पाहिलं.
अजून सांगत असते बायांना,
माझी जयवंती अशी उभी होती,
जरासुद्धा हलली नाही.

जिंकलेल्या दोन मॅच मला नीट आठवत नाहीत.
जिंकताना चेंडू आपल्याकडे येतच नाही.
सगळ्या पोरी त्या टोकाला एकमेकींच्या अंगावर
आणि मी इकडे, हातावर हात आपटत,
शंभर मीटरवरून खूश.

निवड गोल्फ क्लब मैदानावर होती.
सुरगाण्याच्या पहिल्या एसटीनं आले होते, उलटी करून.
ट्रॅकवर शहरातली माणसं पोटं उतरवायला
गोल गोल फिरत होती.
माझ्या हातात बापाचे हातमोजे,
अंबडच्या फाउंड्रीतले, करपलेले, कोपरापर्यंत.
थंगप्पन सर देवळालीच्या तोफखान्यातून रिटायर,
मराठी बोलताना सगळ्या पोरींना पोरगे करायचे.
वीस चेंडू मारले त्यांनी.
चौदा आत गेले.
जवळ आले, मोज्यांचा वास घेतला,
म्हणाले, तू पडतो चांगला.

एवढ्या एका वाक्यावर
मी अकरा मॅच काढल्या.

काल रविवार. हंगामात सुट्टी मिळत नाही,
पण कंटेनर लेट होता.
मैदानावर जुन्या नाशकातली अल्फिया, वय दहा,
एका पायात बूट, जोडीचा दुसरा भावाच्या पायात.
ताई, उभ्या राहा ना, म्हणाली.
दोन चपलांचा गोल केला.
मी ओढणी कमरेला बांधली,
गुडघे वाकवले, ते दोघेही बोलले.
तिनं धावत येऊन मारला, बुटाच्या पायानं.
मी डावीकडे पडले, लांब,
दातांत माती येईपर्यंत.

चेंडू चपलेला घासून गेला.

तीस, मी म्हणाले.

अल्फिया कंबरेवर हात ठेवून बघत राहिली.
वाटत नाही, ती म्हणाली,
मला वाटलं, बावीस.